हा काळा ठिपका कोण?

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं नाव तुम्ही ऐकून असाल. कॅन्सरवर उपचार करणारी मोठी रुग्णालयं दिल्लीत रोहिणीला आहेत, जवळच्या हरियाणात झज्जरलाही आहेत. अशा ठिकाणच्या डॉक्टरांपुढे कधी कधी एक अवघड कोडं येतं. रुग्णाच्या त्वचेवर एक काळा ठिपका असतो. तो साधा तीळ आहे, की मेलॅनोमा नावाचा कॅन्सर?

आधी ठिपका काळा का होतो ते पाहू. आपल्या त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनवतात आणि शेजारच्या पेशींना वाटून टाकतात. शेजारणी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखं धरतात. त्यामुळे उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतला डीएनए वाचतो. गंमत म्हणजे गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशी साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो रंग किती आणि कसा बनतो यामुळे! मेलॅनोसाइट एका जागी गोळा झाल्या की तीळ होतो. त्याचा काही त्रास नसतो. पण क्वचित त्या बेसुमार वाढत सुटतात, आणि तोच मेलॅनोमा.

भारतात हा आजार कमी दिसतो, लहान मुलांत तर फारच कमी. पण आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचत नाही तिथे! शिवाय त्याच्यासारखे दिसणारेही बरेच. दारात बोट चेमटलं की नखाखाली रक्त साकळतं, तेही काळंच दिसतं. बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सर. भारतीय त्वचेत तो बऱ्याचदा काळपट असतो. तो शरीरात सहसा पसरत नाही, मेलॅनोमा मात्र पसरू शकतो. म्हणून दोघांचं ऑपरेशनही वेगळं.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर डर्मॅटोस्कोप हे भिंगाचं यंत्र त्वचेवर टेकवतात. त्यातून ठिपका साधारण दहापट मोठा दिसतो. तळपायावर बारीक चर आणि उंचवटे असतात ना? साध्या तिळाचा रंग बहुधा चरांमध्ये असतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. जपानी डॉक्टरांनी ही खूण बारकाईने अभ्यासली. आणि नखाखालचं साकळलेलं रक्त? हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, आणि रक्ताचा डाग त्याच्याबरोबर पुढे सरकत जातो. त्यावरून तो ओळखता येतो.

तरीही शंका उरलीच, तर ऑपरेशन. आता मजेदार भाग ऐका! ऑपरेशन चालू असतानाच काढलेला तुकडा तपासायची एक युक्ती आहे, फ्रोझन सेक्शन. 1905 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी ती बसवली. कडाक्याच्या थंडीत त्यांनी तुकडा चक्क खिडकीबाहेर ठेवून गोठवला! आज हे काम यंत्र करतं. तुकडा उणे 20 अंशांच्या आसपास गोठवतात, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अर्ध्या तासात उत्तर तयार! अनेक गाठींसाठी ही युक्ती फार उपयोगी पडते.

मेलॅनोमाच्या बाबतीत मात्र डॉक्टर सहसा तिच्यावर विसंबत नाहीत. गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींचा आकार बिघडतो. मग साधी पेशी मेलॅनोसाइटसारखी दिसू लागते. शिवाय मेलॅनोमा किती खोल गेलाय, हे मिलिमीटरच्या हिशेबात अचूक मोजावं लागतं. हे मोजणं किती महत्त्वाचं आहे, ते डॉ. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली दाखवून दिलं.

म्हणून शक्य असेल तेव्हा आधी ठिपका थोड्याशा कडेसकट पूर्ण काढतात. तो फॉर्मॅलिन नावाच्या द्रावणात ठेवतात, मग मेणात बसवून त्याचे काप करतात. शंका असेल तर मेलॅनोसाइट दाखवून देणारे खास रंगही वापरतात. या सगळ्याला काही दिवस लागतात. मेलॅनोमाच ठरला, तर खोली बघून पुन्हा ऑपरेशन करतात आणि बहुधा 1 ते 2 सेंटिमीटर कड आणखी काढतात.

वाट न पाहता कळलं तर? त्यासाठी शास्त्रज्ञ आपल्या सी. व्ही. रामन यांच्या शोधाकडे वळले आहेत. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात लागलेला हा शोध सांगतो, की रेणूंवर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून परततो. प्रत्येक प्रकारच्या रेणूचा बदल वेगळा. त्यामुळे लेझरचा प्रकाश टाकून, त्वचा न कापताच ठिपका ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

तोवर एक गोष्ट पक्की. उत्तर द्यायला डॉक्टरांनी हवे तेवढे दिवस घ्यावेत, पण त्यांना विचारायला आपण उशीर करू नये. आजी-आजोबांना वाकून स्वतःचे तळपाय दिसत नाहीत. ते तुम्ही पाहा. एखादा ठिपका नवा असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर आई-बाबांना लगेच सांगा. ते आजी-आजोबांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जातील.