राणीची मुद्रा आणि फुटक्या बांगड्या

किल्ल्यात खणलं की काय सापडतं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं. सोन्याचा हंडा! आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पडकी गढी दिसली, की तिथं धन पुरलेलं असणार आणि त्यावर नाग बसलेला असणार, असंच लहानपणापासून ऐकायचं. गोष्ट म्हणून ठीक आहे हो! पण गुप्तधनाच्या नादानं रात्री-बेरात्री कुदळ चालवणारी माणसंही आहेत, आणि ती जे नासवतात ते पुन्हा मिळत नाही.

नगरधनचंच पाहा. रामटेकजवळचं हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. आज दिसतो तो किल्ला पुष्कळ नंतरचा. या परिसरात २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. निघालं काय? मातीच्या बांगड्या, काचेची कर्णभूषणं, वाडगे, मडकी, एक लोखंडी छिन्नी आणि जनावरांची हाडं. शिवाय मातीवर उमटवलेली एक लंबगोल मुद्रा! तिच्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत राणीचं नाव: प्रभावतीगुप्ता.

ही गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी या बाईनं मुलांच्या वतीनं राज्य चालवलं. मला विशेष वाटतं ते पुढेच. आपण लग्न झालं की सासरचं गोत्र लावतो. हिनं मात्र आपल्या ताम्रपटात माहेरची वंशावळ दिली आणि गोत्रही माहेरचंच, धारण, लावलं! आणि ही काही फार लांबची नव्हे बरं का. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेकला जो शिलालेख मिळाला, त्यातला रुद्रसेन म्हणजे, वा. वि. मिराशींच्या मते, तिचे आजेसासरे.

किल्ला म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. पण इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचं रोमन लष्करी ठाणं आहे, तिथं १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची शाईची पत्रं निघताहेत. त्यातलं एक एका अधिकाऱ्याच्या बायकोनं मैत्रिणीला पाठवलेलं: माझ्या वाढदिवसाला नक्की ये! पत्राला उणीपुरी एकोणीसशे वर्षं झाली. ओल्या, घट्ट मातीत हवा शिरली नाही, म्हणून ते टिकलं.

उत्खनन करणारे चमच्याएवढ्या अवजारानं माती काढतात, ती उगीच नाही. जमिनीचे थर म्हणजे गाद्यांची चवड. सगळ्यांत खालची सगळ्यांत जुनी. बांगडीचा तुकडा कोणत्या थरात, कशाशेजारी होता, यावरून तिचा काळ कळतो. धनासाठी खड्डा खणला की सगळे थर कालवले जातात. मग तीच बांगडी हातात घेतली तरी नुसती खापरी.

तेव्हा परसात किंवा पाया खणताना जुनं नाणं, मूर्ती, खापरं दिसली तर काम थांबवायला सांगा. जागेवरच फोटो काढून ठेवा. नाणं चिंच-मिठानं घासून मुळीच लखलखीत करू नका, अक्षरं जातात. आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते. सोनाराकडे मोडीत घालणं हा गुन्हा ठरू शकतो, हे घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगून ठेवा.