अनुस्वार निसटू नये म्हणून

गोव्यातल्या साखळीत कुणी अँड्रॉइड फोनवर मराठी बातमी उघडो की कोंकणी संदेश, पडद्यावरची देवनागरी अक्षरं उमटवतं ते 'स्किआ' नावाचं ग्राफिक्स सॉफ्टवेअर. गूगलने 2005 साली विकत घेतलेलं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवरही चालतं. त्यात सतत बदल होत असतात. बदलामुळे काही बिघडलं का, हे पाहतात युनिट टेस्ट. पद्धत अशी: आकृती बिटमॅपवर, म्हणजे पिक्सेलांच्या जाळीवर, रेखाटायची आणि जपून ठेवलेल्या नमुन्याशी पिक्सेलगणिक ताडून पाहायची.

पण कधी कधी तीच टेस्ट लिनक्सवर पास होते आणि विंडोजवर फेल. पांढऱ्यावर काळा रंग निम्म्या पारदर्शकतेने चढवला, तर उत्तर येतं 127.5. नेहमीच्या बिटमॅपमध्ये रंगाची किंमत 0 ते 255 मधली पूर्ण संख्याच असते. म्हणून एक यंत्रणा 127 लिहिते, दुसरी 128. चूक कुणाचीच नाही. शिवाय कुठे लाल रंगाचा बाइट आधी असतो, कुठे निळ्याचा. टेस्टने हा क्रम गृहीत धरला, तर लाल चौकोन निळा ठरतो. शिरोरेषा पिक्सेलच्या ओळीत नेमकी बसली तर काळीभोर दिसते; अर्धा पिक्सेल सरकली की दोन करड्या ओळी होतात.

अशा वेळी दोन पळवाटा खुणावतात. एक, नवं चित्रच नमुना म्हणून ठेवून देणं. दुसरी, 'एक टक्का पिक्सेल वेगळे असले तरी चालतील' अशी सूट देणं. दुसरी वाट मराठीला फार महागात पडू शकते. 200 बाय 50 च्या चित्रात 10,000 पिक्सेल असतात. त्यांचा एक टक्का म्हणजे 100. लहान अक्षरातला अनुस्वार जेमतेम नऊ पिक्सेलांचा. तो गायब होऊन 'मंद'चा 'मद' झाला, तरी टेस्ट पास!

खरी दुरुस्ती कारणापासून सुरू होते. फॉन्ट टेस्टसोबतच द्यायचा, म्हणजे यंत्रातल्या फॉन्टवर भिस्त राहत नाही. बाइटचा क्रम स्पष्ट सांगायचा. आकृती पूर्ण पिक्सेलवर बसवायची. सूट द्यायचीच तर प्रत्येक पिक्सेलच्या रंगात एक-दोन अंकांची द्यावी; किती पिक्सेल बिघडले तर चालतील, याची नको. मग 127 आणि 128 चा वाद मिटतो आणि हरवलेला अनुस्वार मात्र पकडला जातो.

इतकं करूनही नमुना बरोबर आहे की नाही, हे ठरवायला डोळस वाचक लागतोच. 'साखळी'तला ळ, 'दऱ्या'तला अर्धा र नीट उमटला का, हे देवनागरी वाचणाराच सांगू शकतो. स्किआचा कोड 2008 पासून सर्वांना खुला आहे. डिचोली-पेडण्यातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यात मराठी आणि कोंकणी शब्दांच्या टेस्टची भर घालावी. आपल्या अक्षरांची राखण आपल्याइतकी दक्षतेने दुसरं कोण करणार?