ट्वीटरच्या तोंडाला टिश्यू पेपर!

मामाच्या हॉलमध्ये दोन जुने बॉक्स आहेत. लाकडी विनियर, पुढे तपकिरी कापडाची जाळी, मागे वायर अडकवायचे दोन स्क्रू. दिसायला खानदानी. पण गाणं लावलं की प्रत्येक ‘स’चा ‘स्स्स’ होतो आणि अभंगातले टाळ थेट कानशिलाशी वाजतात. पखवाज मात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये चालू असावा इतका लांब. ‘‘भंगारात द्या एकदाचे,’’ असं मामी दर दिवाळीला म्हणते, आणि मामा दर दिवाळीला ते पुसून पुन्हा जागेवर ठेवतो.

जुन्या बॉक्सचा ट्रेबल टोचतो ही तक्रार जुनीच आहे. त्यावर लोकांनी काय काय करून ठेवलंय ते ऐकलंत तर हसू येईल. आणि त्यातलं बरंचसं फुकटात करता येतं, हेही कळेल.

१. टिश्यूचा महिमा

यामाहा कंपनीने १९७८ मध्ये एनएस-१० नावाचा स्पीकर काढला तो घरातल्या शेल्फवर ठेवण्यासाठी. घरात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्यांनी मात्र पांढऱ्या शंकूचा हा काळा डबा उचलून मिक्सिंगच्या टेबलावर नेऊन ठेवला. अडचण एकच, ट्रेबल फार धारदार. मग ध्वनिमुद्रकांनी ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, चक्क टिश्यू पेपर चिकटवायला सुरुवात केली. ते खूळ इतकं पसरलं, की कोणत्या जाडीचा पेपर लावायचा यावर वाद झडू लागले. शेवटी १९८६ मध्ये बॉब होडास या ध्वनितज्ज्ञाने वेगवेगळे पेपर लावून रीतसर मोजमाप केलं. निष्कर्ष असा, की टिश्यूने ट्रेबल उतरतो खरा, पण थोडा आवाज कागदावर आपटून ट्वीटरकडे परततो आणि सुरांच्या पट्ट्यात कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडतात. १९८७ च्या स्टुडिओ आवृत्तीत यामाहाने स्वतःच ट्रेबल मवाळ केला. २००८ मध्ये या स्पीकरसाठी कंपनीला तांत्रिक ग्रॅमी मिळालं. टिश्यूचा उल्लेख मानपत्रात असायला हवा होता!

२. आजोबांचा टोन कंट्रोल

ट्वीटर जन्मण्याआधीही आवाज टोचायचाच. १९०६ मध्ये आलेल्या व्हिक्ट्रोला ग्रामोफोनमध्ये कर्णा पेटीच्या पोटात दडवलेला असे आणि त्याच्यापुढे दोन छोटी दारं. आवाज जास्त वाटला, दारं लोटून घ्या. तेवढ्यावर भागलं नाही तर सुई बदला. स्टीलच्या सुया ‘मोठ्या’ आणि ‘मऊ’ अशा वेगवेगळ्या सुरांच्या मिळत. ज्यांना अजून गोडवा हवा ते बांबूची सुई लावत. आज आपण मोबाइलवर इक्वलायझरची रेघ खाली ओढतो, तेव्हा लोक बांबू तासत होते.

३. बीबीसीची लोकरी चौकट

बीबीसीचा एलएस३/५ए हा १९७० च्या दशकातला स्पीकर बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून बनला. उंची जेमतेम फूटभर. त्याची जाळी काढली की ट्वीटरभोवती जाड फेल्टची चौकट दिसते. ती शोभेची नाही. ट्वीटरचा आवाज समोर जातो तसा बॉक्सच्या दर्शनी फळीवरून आडवाही पसरतो, कडेला पोचला की तिथून पुन्हा फुटतो आणि मूळ आवाजात किंचित उशिराने मिसळतो. कानाला ते खरखरीत लागतं. फेल्ट हा आडवा आवाज वाटेतच पिऊन टाकतं. जुन्या बॉक्सच्या जाळीमागे असं फेल्ट लावून बघायला सोपं आहे. फक्त ट्वीटरचं तोंड मोकळं ठेवा, आणि गोंदाऐवजी आधी दुहेरी टेप वापरा. नाही आवडलं तर काढता आलं पाहिजे.

४. कान हीच एक बासरी

ट्रेबलमधला नेमका कोणता भाग टोचतो? कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी स्वतःच्या चौपट लांबीच्या लहरीला सर्वांत जास्त घुमते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशेब केला तर उत्तर येतं ३,४०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे आपल्या डोक्यात दोन्ही बाजूंना जन्मजात अँप्लिफायर बसवलेला आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये कानाच्या या आवडीनिवडीचे आलेख काढले. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत तिखट असतो. जुन्या बॉक्समध्ये खालचे सूर वाजवणारा वूफर आणि ट्वीटर यांची हद्दही बऱ्याचदा याच पट्ट्यात येते. भांडण व्हायला एवढं पुरे.

५. तोंड फिरवा, राग जाईल

१०,००० हर्ट्झची लहर साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. ट्वीटरचा घुमट बहुधा अडीच सेंटिमीटरचा. लहर आणि घुमट मापाने जवळ आले की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. झोतात बसलात तर डोळे दिपणारच! बॉक्सचं तोंड थेट सोफ्यावर रोखण्याऐवजी दहा-पंधरा अंश बाहेर वळवा, वरचे सूर आपोआप उतरतात. बॉक्सच्या पुढच्या कडेखाली रबराचा ठोकळा सरकवला की झोत डोक्यावरून जातो. खालच्या बैठकीवर लोडाला टेकून ऐकणाऱ्यांना हा उपाय विशेष मानवतो, कारण त्यांचे कान सोफ्यावरच्या मंडळींपेक्षा चांगलेच खाली असतात.

इंग्लंडच्या व्हार्फडेल कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी तर ही युक्ती बॉक्समध्येच घातली. त्यांच्या १९५६ च्या एसएफबी/३ मॉडेलमध्ये ट्वीटर छताकडे तोंड करून बसवला होता, आणि मुख्य फळी होती दोन पातळ फळ्यांमध्ये वाळू भरून केलेली. वाळू कशाला? फळी थरथरू नये म्हणून.

६. उलटी वायर, गायब ढोल

मामाच्या घरचा गुन्हेगार इथे सापडला. एका बॉक्सला लाल वायर लाल स्क्रूला होती, दुसऱ्याला काळ्या. अशा वेळी एकाचा शंकू पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर हवेतल्या हवेत एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लहरी आखूड, त्या अशा सगळ्याच्या सगळ्या मिटत नाहीत. परिणाम? पखवाज गेला, टाळ राहिले. आपण ट्रेबलला शिव्या देतो आणि चोरीला गेलेला असतो बेस.

स्क्रूंवरचा रंग उडाला असेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. बॉक्सची वायर अँप्लिफायरमधून काढा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. ‘टप्प’ असा आवाज होऊन वूफर पुढे आला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर धन. मागे गेला तर उलट. मामाने ही चाचणी पाच वेळा करून घेतली. चार वेळा खात्रीसाठी आणि पाचव्यांदा मामीला दाखवण्यासाठी.

७. भिंतीचा चौथा हिस्सा

कानाच्या नळीचा हिशेब भिंतीलाही लागू पडतो, फक्त उलटा. बॉक्समधून मागे गेलेला खालचा सूर भिंतीवर आपटून परत येतो. भिंतीचं अंतर त्या सुराच्या लहरीच्या पाव असेल, तर परतलेली लहर नेमकी उलटी भेटते आणि सूर दबतो. बॉक्सचं तोंड भिंतीपासून ८६ सेंटिमीटरवर असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि आवाजाचं अंग तर तिथेच असतं. खोलीच्या हद्दींचा स्पीकरवर होणारा हा परिणाम अमेरिकेच्या रॉय ॲलिसन यांनी १९७४ मध्ये नीट मांडून दाखवला.

खोलीची स्वतःचीही खोड असते. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांची बाजू ४७ हर्ट्झला घुमते, दहाची ५६ ला. कुठे बसलं की हे घुमणं कमी लागतं? एक जुनी युक्ती आहे. बॉक्स आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस भरीव पण स्वच्छ वाटेल ती बॉक्सची जागा. ऐकणारा आणि वाजवणारा यांनी जागा बदलली तरी खोलीचा हिशेब तोच राहतो. रांगताना दार लावून घ्यावं.

८. कोपऱ्यातला राजा आणि पाठ फिरवलेला पाहुणा

भिंत शत्रूच असते असं नाही. बॉक्स भिंतीच्या जवळ गेला की खालचे सूर फुगतात, कोपऱ्यात गेला की आणखी. सिद्धान्ताप्रमाणे प्रत्येक पृष्ठभाग ६ डेसिबलपर्यंत भर घालू शकतो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावातून क्लिप्शहॉर्न विकायला काढला, तो कोपऱ्यातच ठेवायचा. कारण खोलीच्या दोन भिंती त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग म्हणून वापरल्या होत्या. म्हणजे अर्धा स्पीकर कंपनीचा, अर्धा गवंड्याचा.

दुसरं टोक अमर बोस यांचं. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक. १९६८ च्या बोस ९०१ मध्ये नऊ स्पीकर होते आणि त्यातले आठ भिंतीकडे तोंड करून! ऐकणाऱ्याकडे बघणारा एकटाच. नवख्याने तो उलटा ठेवला तर आठांची फौज थेट अंगावर.

जुन्या छोट्या बॉक्सचा ट्रेबल टोचत असेल तर ते भिंतीकडे थोडे मागे सरकवा. खाली भर पडली की वरचं तेवढं टोचत नाही. वरणात मीठ जास्त झालं की आपण पाणी वाढवतो, तसंच हे.

९. मध्यरात्रीच्या गाद्या

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबीन या तरुण प्राध्यापकावर एक काम सोपवलं. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबीन रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, खोलीत मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवून घड्याळाने घुमणं मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. या हमालीतून खोलीतल्या आवाजाचं पहिलं शास्त्र उभं राहिलं, आणि १९०० मध्ये उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच हिशेबावर बांधलं गेलं.

आपल्या घरी मार्बलची फरशी, काचेचं टेबल, रंग दिलेल्या गुळगुळीत भिंती आणि सरकत्या खिडक्या. वरचे सूर टणाटण उड्या मारणारच. बॉक्स आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी टाका, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा. आजीची गोधडी भिंतीवर टांगली तर सजावटही होते. पातळ पडदा मात्र फक्त वरवरचं शोषतो, ढोलाला तो अडवत नाही.

१०. संग्रहालयातला स्पीकर आणि अडकलेली मूठ

एआर-३ हा १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेला स्पीकर आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. घुमटाच्या आकाराचा ट्वीटर घराघरांत नेण्यात त्याचा मोठा वाटा. त्याच्या प्रात्यक्षिकांत फाइन आर्ट्स क्वार्टेटचे वादक मंचावर वाजवता वाजवता थांबायचे आणि स्पीकर पुढचा भाग उचलायचे. कुठे बदल झाला ते श्रोत्यांना कळत नसे. एवढ्या थोर स्पीकरचं दुखणं मात्र साधंच, पाठीवरच्या ट्रेबलच्या मुठी आतून गंजतात. तुमच्या बॉक्सलाही अशी मूठ असेल तर आधी ती वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खरखर कमी होते, आणि ट्रेबल इतकी वर्षं कोणीतरी पूर्ण उघडून ठेवला होता असंही कधी कधी लक्षात येतं.

११. एक ओहमचा लगाम

इतकं करूनही टोचतोय? आता मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चक्कर मारा. दहा वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर मागा. आठ ओहमच्या ट्वीटरच्या वायरीत एक ओहमचा रेझिस्टर घातला की साधारण एक डेसिबल उतरतो, दोनचा घातला की जवळपास दोन. ऐकायला क्षुल्लक वाटतं, कानाला खूप.

एक सावधगिरी. जुने कपॅसिटर बदलून महागडे फिल्मचे घातले की आवाज सुधारेलच असं नाही. जुन्यांच्या अंगात थोडा रोध असतो आणि वयाबरोबर तो वाढतो. नव्यांत तो नसल्यातच जमा, म्हणून ट्रेबल आणखी उजळ होऊ शकतो. तिथेही तोच एक ओहम कामाला येतो.

१२. चिकट झालेली कड

शेवटी जाळी काढून वूफरची कड बोटाने हलकेच दाबून बघा. १९७० ते ९० च्या काळातल्या कितीतरी वूफरना फोमची कड असे. हा फोम दमट हवेत विरघळत जातो, म्हणून कोकणातल्या घरांत त्याचं आयुष्य आणखी कमी. बोटाला चिकट भुगा लागला तर वूफर कधीच निवृत्त झालाय आणि ट्वीटर एकटाच संसार ओढतोय. अशी कड बदलून मिळते. रबराची किंवा कापडाची असेल तर तुम्ही नशीबवान.

मामाच्या वूफरची कड कापडाची निघाली. वायर सरळ केली, बॉक्स हातभर मागे सरकवले, तोंडं किंचित बाहेर वळवली आणि फरशीवर सतरंजी अंथरली. खर्च शून्य रुपये. तोच अभंग लावला. पखवाज हॉलमध्ये आला, टाळ आपल्या जागी जाऊन बसले. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि अभंग संपेपर्यंत उभी राहिली.

‘‘फरक कळला ना?’’ मी मामाला विचारलं.

‘‘पखवाज छान वाजतोय,’’ मामा म्हणाला. ‘‘पण ते टोचतं टोचतं म्हणत होतात ना तुम्ही, ते मला आधीही कधी टोचलं नाही.’’

मामाचं वय ७६. वय वाढतं तसे कानाचे वरचे सूर आधी जातात. एवढी वर्षं सगळं घर वैतागलं होतं आणि मामा निवांत गाणी ऐकत होता, त्याचं कारण हे होतं.