काखेतलं भावंड

वारल्यांच्या पाड्यावरची मुलगी शाळेत यायची ती काखेत धाकटं भावंड घेऊन. आई मजुरीला गेलेली; बाळाला ठेवणार कुठे? भावंड नको म्हटलं की मुलगीही घरीच बसायची. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर यावर तोडगा निघाला, तो म्हणजे दोघांनाही आत घ्यायचं. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली प्राथमिक वर्गात आणि सगळं एकाच आवारात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी या मांडणीला नाव दिलं विकासवाडी. तिचा रोजचा रगाडा वाहिला अनुताई वाघांनी.

तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. 1945 साली बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाई भेटल्या आणि बस्तान थेट डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला हललं.

बोर्डीत बालवाडी निघाली खरी, पण गरीब वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. कुणाचं तरी अंगण झाडायचं, मुलं गोळा करायची. सुरुवात अक्षरांनी नव्हे, पाण्याने व्हायची. हातपाय, तोंड धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. मग शिंपले, चिंचोके, पानं, खडे. हे मोजायचे, ओळीत लावायचे, लहानमोठे निवडायचे. माँटेसरीच्या महागड्या साधनांचं काम या ऐवजावर भागायचं. (ती साधनं मिळाली असती, तरी उघड्या अंगणात ठेवणार कुठे?) ही ‘अंगणवाडी’. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला.

पुढे काम कोसबाडला हललं. तिथे अडचण निराळी होती. मोठी पोरं दिवसभर गुरांमागे. त्यांना वर्गात ओढण्याऐवजी शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा! गुरं पांगली की धडा थांबणार, हे तिथे गृहीतच. अशा शाळेचं वेळापत्रक कागदावर मांडून दाखवणं कुठल्याही तपासनिसाला अवघडच गेलं असतं.

1985 साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. 1992 मध्ये त्या गेल्या. सत्तेचाळीस वर्षं याच मुलखात. या धबडग्यात त्यांचं स्वतःचं शिक्षण मात्र मागे पडलं होतं. तेही त्यांनी सोडलं नाही. बी.ए. झाल्या तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या.