घरांतील गॅसची शेगडी : तिचे दोष व तिची निगा

चूल, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यानंतर गॅस, अशी महाराष्ट्रांतील स्वयंपाकघराची वाटचाल झालेली आहे. चुलीचा दोष धुरानें कळे व स्टोव्हचा दोष त्याच्या आवाजावरून कळे. गॅसची शेगडी मात्र मुकाट्यानें जळते, आणि म्हणूनच तिच्यांतील बिघाडाकडे घरच्या माणसांचें लक्ष उशिरां जातें. वास्तविक हीही आपलें दुखणें सांगत असते; परंतु तें ती ज्योतीच्या रंगानें व आकारानें सांगते. ही खूण ज्याला ओळखतां येते, त्याच्या घरीं इंधन वांचतें, भांडीं काळीं होत नाहींत आणि, मुख्य म्हणजे, जिवाचा धोका टळतो.

सिलिंडरांतील इंधन हें प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचें मिश्रण होय. दाबाखालीं त्याचा द्रव होतो. म्हणूनच घरगुती सिलिंडरांत तें १४.२ किलो मावतें. या द्रवाचा वायु झाला म्हणजे त्याचें आकारमान सुमारें २५० पट होतें. या वायूचे दोन गुण ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. एक, तो हवेपेक्षां जड असल्यामुळें गळाला असतां धुरासारखा वर न जातां जमिनीलगत व कोनाकोपऱ्यांत सांचून राहतो. दुसरा, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाच्या उग्र वासाच्या द्रव्याचा अल्प अंश मुद्दाम मिसळलेला असतो. हवेंत या वायूचें प्रमाण शेंकडा सुमारें २ ते ९ झालें, कीं एक ठिणगी स्फोटास पुरते. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत नळानें येणारा गॅस याहून निराळा. तो मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षां हलका असतो, आणि त्यासाठीं शेगडीच्या जेटला मोठें छिद्र लागतें. म्हणून एका गॅसची शेगडी दुसऱ्या गॅसला परभारें जोडूं नये.

शेगडीची रचना साधी आहे. १८५५ च्या सुमारास जर्मनींतील हायडेलबर्ग येथें रॉबर्ट बन्सेन यांनीं जो दिवा प्रयोगशाळेंत आणला, त्याचेंच तत्त्व येथें वापरलेलें आहे. पितळी जेटच्या बारीक छिद्रांतून गॅस वेगानें बाहेर पडतो, जातां जातां बाजूची हवा आंत ओढून घेतो, आणि हें मिश्रण बर्नरच्या छिद्रांशीं येऊन जळतें. एक माप प्रोपेन पुरता जळण्यास सुमारें २४ मापें हवा लागते. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी व आंतल्या बाजूस रेखीव टोकाची होते. ती कमी पडली तर न जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे दिसतात व काजळीच्या रूपानें भांड्याच्या बुडाशीं बसतात. त्याबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं व वासही नाहीं. म्हणून पिवळी ज्योत आणि बंद खिडक्या हा योग घातक समजावा.

दोष शोधतांना प्रथम दोन्ही बर्नर पेटवून पहावे. दोन्ही मंद जळत असतील तर दोष शेगडीच्या अलीकडे आहे : सिलिंडर संपत आलेला असेल, रेग्युलेटर पुरता उघडलेला नसेल किंवा रबरी नळी पिळली गेली असेल. एकच मंद असेल तर त्या बर्नरचें जेट वा छिद्रें बुजलेलीं असावींत. ज्योत एकाच बाजूस उणी असेल तर तेथें उतूं गेलेलें दूध वा आमटी वाळून बसली आहे, असें समजावें. सगळी ज्योत पिवळी असेल तर हवेच्या वाटेंत कोळ्याचें जाळें, पीठ किंवा धूळ अडकलेली असते, अथवा बर्नरचें झांकण नीट बसलेलें नसतें. मिठाचें पाणी सांडल्यावर ज्योतींत क्षणभर दिसणारा पिवळा रंग मात्र सोडियमचा असतो. तो दोष नव्हे. ज्योत छिद्रांपासून सुटून फुसफुसूं लागली तर हवा वा दाब जास्त होत आहे. ती फट् करून आंतच जळूं लागली तर शेगडी तत्काळ बंद करून थंड होऊं द्यावी.

कडाक्याच्या थंडींत ज्योत मंदावते, याचेंही कारण आहे. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळतो. शिवाय द्रवाचा वायु होतांना सिलिंडर स्वतः थंड पडतो. अशा वेळीं कोणी सिलिंडर गरम पाण्यांत ठेवतात, कोणी आडवा करतात. दोन्ही गोष्टी अत्यंत धोक्याच्या आहेत. आडव्या सिलिंडरांतून वायूऐवजीं द्रवच नळींत येऊं शकतो.

सफाई आठवड्यांतून एकदां, रेग्युलेटर बंद करून व शेगडी थंड झाल्यावर करावी. बर्नर साबणाच्या ऊन पाण्यांत भिजवून दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें घासावा, व पुरता वाळवूनच बसवावा. स्टोव्हला पीन मारण्याची जुनी संवय येथें घातक ठरते. जेटचें पितळ मऊ असतें. टोंचण्यानें छिद्र मोठें होतें आणि मग ज्योत कायमची पिवळी पडते. नॉब घट्ट झाला तर त्यांत खोबरेल सोडूं नये; तें वाळून चिकट होतें. उष्णता सोसणारें ग्रीस कारागिराकडून भरून घ्यावें.

गळतीची परीक्षा साबणाच्या फेसानें करावी. काडी पेटवून कधींही करूं नये. रेग्युलेटर, नळीचीं दोन्ही टोकें व नॉब यांना फेस लावावा. बुडबुडे फुगूं लागले कीं गळती निश्चित झाली. वासावर सर्वस्वीं विसंबणें बरें नव्हे, कारण पडशानें व उतारवयांत वास कमी येतो, आणि सतत येणाऱ्या वासाला नाक सरावतें. नळी दर ५ वर्षांनीं, आणि उंदरानें कुरतडली वा तिला चीर पडली तर तत्काळ, बदलावी. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर त्याच्या पुढील तपासणीची मुदत असते : ए, बी, सी, डी हीं अक्षरें अनुक्रमें मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर यांअखेरची तिमाही दर्शवितात व पुढील अंक वर्ष दाखवितो. मुदत टळलेला सिलिंडर परत करावा.

गॅसचा वास आला तर विजेचें कोणतेंही बटण लावूं नये व बंदही करूं नये. दोन्हींत ठिणगी पडते. देवघरांतील निरांजन, उदबत्ती विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, मुलांना व वृद्धांना घराबाहेर न्यावें, आणि बाहेर गेल्यावर १९०६ या तातडीच्या क्रमांकास कळवावें. बर्नर धुणें, फेस लावून पाहणें, ज्योत निरखणें हीं घरचीं कामें होत; जेट, झडप व रेग्युलेटर उघडणें हें कारागिराचें काम होय. रात्रीं निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करणें हें मात्र कोणा एकाचें काम नव्हे. घरांतील लहानथोर प्रत्येकास तें करतां आलें पाहिजे. कारण वास येईल त्या वेळीं घरांत कोण असेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.