नफ्याचे रहाटगाडगे

वसई-विरारच्या मोठ्या सुपरमार्केटात साखर पुष्कळदा नाक्यावरच्या वाण्यापेक्षा स्वस्त मिळते. तरीही ते नफ्यात चालते. हे कसे?

वसईच्या वाड्यांत पूर्वी विहिरींवर रहाटगाडगी असत. एकेका गाडग्यातून पाणी थोडेच येई. पण माळ फिरत राही आणि सारी बाग भिजे. सुपरमार्केटचे भांडवलही असेच फिरते. समजा, 100 रुपयांची साखर 103 रुपयांना विकली. एका फेरीत सुटले 3 रुपये. पण दरमहा एक फेरी झाली, तर त्याच 100 रुपयांवर वर्षाला 36 रुपये सुटतील. त्यातूनच पगार, वीज आणि जागा यांचा खर्च भागवायचा.

डी-मार्टचे पहिले दुकान 2002 साली पवईत निघाले. 2023-24 मध्ये या कंपनीची विक्री सुमारे 50 हजार कोटी रुपये होती आणि नफा सुमारे अडीच हजार कोटी. म्हणजे 100 रुपयांच्या विक्रीमागे अवघे 5 रुपये!

मग सर्व मालावर सारखाच नफा का नाही? याची कारणे दोन. साखर, तांदूळ, तेल यांचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात, म्हणून तेथे नफा कमी ठेवतात. त्यासाठी आत आलेले गिऱ्हाईक बादली, कपडेही घेते. त्यांवर अधिक सुटते.

दुसरे कारण नासाडी. समजा, पालकाच्या 10 जुड्या 100 रुपयांना घेतल्या आणि 3 सुकल्या. उरलेल्या 7 जुड्यांतून नुसती मुद्दल निघायलाच जुडीला 14 रुपयांहून अधिक भाव हवा. गिऱ्हाइकाला ही लूट वाटते; प्रत्यक्षात नफा शून्य! वसईचे पिकलेले केळे चार दिवसांत काळे पडते. तेच सोलून उन्हात वाळवले, की त्याची सुकेळी होऊन महिनोन्महिने टिकतात. म्हणून सुकेळी विकण्याची घाई नसते, केळ्यांची असते.

सुपरमार्केटची नासाडी हजारो वस्तूंच्या नफ्यात जिरते. स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीची मात्र सारी तिच्याच पदरात पडते. म्हणून संध्याकाळी ती भाव उतरवते.

आठवडाभर एक प्रयोग करा. तिच्याकडील आणि सुपरमार्केटमधील पालकाचा भाव सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. कोणाचा भाव अधिक हलतो आणि का, ते तुम्हीच शोधून काढा.