मेले, की झोपी गेले?

पुण्यातील आमच्या घरात, खिडकीशी, अडेनियमची एक कुंडी होती. जानेवारीच्या थंडीत तिची सारी पाने गळाली. मी घाबरलो आणि रोज पाणी घालू लागलो. पंधरा दिवसांनी बुंधा चेपून पाहिला, तर तो पिकल्या केळ्यासारखा मऊ! झाड कुजून मेले होते. पाने गाळून ते केवळ विश्रांती घेत होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझ्या काळजीनेच त्याचा जीव घेतला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत अशी एखादी सुकलेली, धुळीने माखलेली कुंडी असेल. तिच्यावर उपचार करण्यापूर्वी तिची ओळख करून घेऊ या.

निवडुंग कोणता?

मराठीत ‘निवडुंग’ हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या कुळांतील झाडांना लावतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. त्याचे मूळ अमेरिकेत. त्रिधारी निवडुंग मात्र आपल्या देशातलाच, आणि तो एरंडाच्या कुळातला. दोन्ही कुळांना कोरड्या हवेशी झगडावे लागले, म्हणून त्यांची रूपे सारखी झाली.

दोहोंतील फरक भिंगातून सहज दिसतो. कॅक्टसचे काटे लहानशा केसाळ गादीतून झुबक्याने निघतात. त्रिधारी निवडुंगाला अशी गादी नसते. त्याचे काटे बहुधा जोडीने येतात आणि टाचणी टोचताच पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यांना फार अपायकारक आहे. म्हणून ही परीक्षा मोठ्या माणसांच्या देखत करा व नंतर हात साबणाने धुवा. कोरफड, घायपात आणि पानफुटी या पानांत पाणी साठवणाऱ्या वनस्पती. तीही मांसल झाडेच, पण कॅक्टस नव्हेत.

रात्रपाळीचे कामगार

बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. त्या वेळी त्यांचे पुष्कळ पाणी उडून जाते. कॅक्टस आणि इतर बऱ्याच मांसल वनस्पती रंध्रे रात्री उघडतात. आत घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे मिटून, त्याच साठ्यातून आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्या अन्न तयार करतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतात असे १८१३ साली लिहून कळवले होते. (तुम्ही मात्र ती चाखू नका, त्यांत विषारी द्रव्ये असतात.)

आता आपल्या कुंडीकडे पाहा. अशा झाडाला पाणी थोडे लागते, पण प्रकाश भरपूर लागतो. घराच्या कोपऱ्यात आपण नेमके उलटे करतो. प्रकाशाअभावी वाढ थांबते, पाणी शोषले जात नाही, माती ओली राहते आणि मुळे कुजतात.

दुखणे आणि उपाय

खोड सुरकुतले, पण दाबल्यास घट्ट लागले, तर झाड बहुधा तहानलेले असते. माती आतपर्यंत कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी घाला. पुढचे पाणी माती पुन्हा पूर्ण वाळल्यावरच. मातीत काडी खुपसून पाहा. ती ओली निघाली तर थांबा.

माती ओली असूनही खोड सुरकुतत असेल, तर मुळे कुजली असण्याचा संभव आहे. खोड मऊ, तपकिरी झाले असेल तर निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत स्वच्छ सुरीने कापा. छेदात तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले तर आणखी वर कापा. तो तुकडा आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या. मग जाड वाळू, थोडी माती आणि विटांचा चुरा यांच्या मिश्रणात लावा. कुंडी मातीची आणि तळाला भोक असलेली हवी.

शेंडा फिकट व बारीक होऊन लांबला असेल तर ती प्रकाशाची उपासमार होय. लांबलेला भाग पुन्हा जाड होत नाही; नवी वाढ मात्र सुधारते. झाड एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवू नका, ते भाजेल. पूर्वेच्या खिडकीत ठेवून प्रकाश हळूहळू वाढवा.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढा.

शिवनेरीचा धडा

पाने गळलेले झाड मेलेच असे समजू नये. याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्याच्या कड्यांवर शिंदळ माकुडी ही दुर्मिळ मांसल वनस्पती वाढते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. पावसाळ्यात तिला पाने येतात. कोरड्या ऋतूत ती गळतात व नुसती मांसल खोडे कातळाला धरून राहतात. पाऊस आला की ती पुन्हा पालवतात. ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रातच नैसर्गिकरीत्या आढळते. किल्ल्यावर गेलात आणि ती दिसली, तर डोळे भरून पाहा. तोडून मात्र आणू नका.

करून पाहा

पानफुटीचे १ ग्रॅम पान सूर्योदयापूर्वी तोडून २० मिलिलिटर पाण्यात वाटा व गाळा. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. मग ड्रॉपरने चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घाला आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंतचे थेंब मोजा. त्याच झाडाच्या पानावर हाच प्रयोग संध्याकाळी करा. कोणत्या वेळी जास्त थेंब लागले? दुसरे झाड आठवडाभर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून संध्याकाळी त्याचेही थेंब मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि फरक का पडला असेल, याची चर्चा शिक्षकांशी करा.